अक्षरांचे वर्ग आणि यंत्राचे वाचन

अक्षरांचे वर्ग पाडण्याचे काम भारतात फार जुने आहे. ते वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या लोकांनी केले आणि प्रत्येकाचा हेतू निराळा होता. व्याकरणकाराने उच्चार डोळ्यांपुढे ठेवला, शिलालेख वाचणाऱ्याने आकृती, तर छापखान्यातील जुळाऱ्याने आपल्या हाताची सोय. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या मालिकेत संगणकाची भर पडली. छापलेल्या पानाचे छायाचित्र घेऊन त्यातील अक्षरे ओळखावयाची आणि शोधता येईल असा मजकूर तयार करावयाचा, या यंत्रवाचनाच्या कामातही पहिला प्रश्न वर्गांचाच असतो. कोणती अक्षरे एका गटात घ्यावयाची आणि का? या प्रश्नाचा इतिहास बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकास परका वाटू नये, कारण त्याचे धागेदोरे पाली व्याकरणापासून अशोकाच्या शिलालेखांपर्यंत आणि तेथून आपल्या विहारांच्या कपाटांत पडून असलेल्या जीर्ण पुस्तिकांपर्यंत पोहोचतात.

पूर्णा हे जंक्शनचे गाव. परभणीकडून, नांदेडकडून आणि हिंगोली-अकोल्याकडून येणारे लोहमार्ग येथे मिळतात. रेल्वेच्या यार्डात मालाचे डबे आधी दिशेप्रमाणे आणि मग स्थानकाप्रमाणे वेगळे काढतात. प्रत्येक डब्यासाठी पहिल्यापासून सगळी स्थानके तपासत कोणी बसत नाही. यंत्राला अक्षरे ओळखावयास शिकविणाऱ्यांनी हीच रीत धरली. तिच्याकडे वळण्यापूर्वी जुन्या वर्गवाऱ्या पाहिल्या पाहिजेत.

कच्चायनाच्या परंपरेत पालीची अक्षरे एक्केचाळीस मानली जातात. त्यांत आठ स्वर आणि तेहतीस व्यंजने. मोग्गल्लानाच्या परंपरेत ऱ्हस्व ए आणि ओ वेगळे धरल्यामुळे ही संख्या त्रेचाळीस होते. म्हणजे 'अक्षर म्हणजे काय' याविषयी पाली वैयाकरणांतही एकमत नव्हते आणि त्यांनी त्याची लाज बाळगली नाही. व्यंजनांचे पाच वर्ग उच्चारस्थानांवरून पडतात: कंठ, तालू, मूर्धा, दंत व ओष्ठ. वर्गाबाहेर उरतात य, र, ल, व, स, ह, ळ आणि निग्गहीत. या यादीतील ळ कडे मराठी वाचकाचे लक्ष जावयास हवे. अभिजात संस्कृतात व प्रमाण हिंदीत त्याला स्वतंत्र स्थान नाही; पालीत व मराठीत आहे. पुढे यंत्रवाचनात या एका अक्षराने बराच त्रास दिला.

पाणिनीने शिवसूत्रांत अक्षरांचा जो क्रम लावला तो उच्चारस्थानांचा नव्हे. आपले नियम थोडक्यात सांगता यावेत म्हणून त्याने तो रचला आणि सोयीसाठी ह दोनदा घेतला. उत्तर-पश्चिमेकडील गांधार प्रदेशातील बौद्धांत तर 'अरपचन' नावाची आणखी एक वर्णमाला प्रचलित होती. अ, र, प, च, न अशा क्रमाने जाणाऱ्या या मालेत कंठ-तालू-मूर्धा यांचा मागमूस नाही. प्रज्ञापारमिता साहित्यात ती स्मरणासाठी आणि ध्यानासाठी वापरलेली दिसते. वर्णमाला एकच आणि ती अनादी, अशी जी समजूत आपल्याकडे आढळते तिला हा पुरेसा उतारा आहे.

आता शिलालेखांकडे वळू. अशोकाची लिपी वाचण्याची विद्या शतकानुशतके लुप्त झाली होती. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप याने १८३४ मध्ये अलाहाबादच्या स्तंभावरील अक्षरांचा एक तक्ता तयार केला. त्याला त्यांतील एकही अक्षर निश्चितपणे वाचता येत नव्हते. तरीही त्याने मूळ आकृत्या एका बाजूस आणि त्यांना जोडलेल्या लहान रेघा दुसऱ्या बाजूस अशी विभागणी केली. शेकडो भासणाऱ्या चिन्हांची संख्या त्यामुळे आटोक्यात आली, आणि त्या रेघा स्वरचिन्हे असावीत हा तर्क उभा राहिला. अर्थ कळण्यापूर्वी वर्ग पाडावयाचे, ही प्रिन्सेपची पद्धत. संगणकही आज नेमके हेच करतो, कारण त्याला अर्थ कधीच कळत नाही.

याच सुमारास रेव्हरंड जे. स्टीव्हन्सन यांनी कार्ले येथील लेण्यांतील अक्षरांची गुप्तकालीन लिपीशी तुलना करून ती वाचण्याचा यत्न केला. काही अक्षरे बरोबर लागली, बरीच चुकली. साम्यावरून अक्षर ओळखण्यातला धोका तेव्हाच दिसून आला होता. दोन आकृत्या सारख्या दिसतात म्हणून त्या एक असतात असे नाही, आणि एकच अक्षर दोन शतकांत ओळखू न येण्याइतके बदलते. १८३७ मध्ये सांचीच्या कठड्यावरील लहान लहान लेखांचे ठसे प्रिन्सेपच्या हाती आले. बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे. हे देणगीचे लेख असावेत आणि शेवटचा शब्द 'दानं' असावा, असे त्याने ताडले. द, न आणि अनुस्वार हाती लागताच बाकीची अक्षरे भराभर सुटली. 'पियदसि' हा राजा कोण, हे मात्र लिपीवरून कळेना. सिंहलद्वीपातील पाली ग्रंथांच्या आधारे जॉर्ज टर्नर याने तो अशोक असल्याचे दाखवून दिले. पुढे १९१५ मध्ये रायचूर जिल्ह्यात मस्की येथे अशोकाचे नाव असलेला लेखच सापडला आणि शंका उरली नाही. मस्की त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, पूर्णाही त्याच संस्थानात. त्या लेखाचे प्रकाशन हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व मालेतील पहिला ग्रंथ म्हणून झाले, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

छापखान्याने अक्षरांचे वर्ग पुन्हा बदलले. नागरी लिपीत व्यंजन, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रेफ आणि जोडाक्षरे यांच्या संयोगाने हजारो रूपे होतात. प्रत्येकाचा स्वतंत्र खिळा ओतणे कोणासही परवडणारे नव्हते. मुंबईत अमेरिकन मिशन प्रेसमध्ये उमेदवारी केलेल्या जावजी दादाजी यांनी पुढे निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या टाइपांची ख्याती देशभर झाली. तेथेही प्रश्न हाच होता की अखंड अक्षर ओतावे, की अक्षराचे तुकडे करून ते जुळवावेत. अर्धे व्यंजन व काना वेगळे ठेवले तर खिळे कमी लागतात. जोडाक्षर सलग ओतले तर छपाई देखणी होते. जुळाऱ्याच्या केसमधील खाने वर्णमालेच्या क्रमाने कधीच नसत. वारंवार लागणारे खिळे हाताशी, क्वचित लागणारे दूर. हीही वर्गवारीच होती, आणि ती हाताने केलेली होती.

लहान गावांतील ट्रेडल छापखान्यांत खिळे झिजलेले असत, काही संपलेले असत. अशा वेळी जुळारी पायमोडके अक्षर वापरून वेळ भागवीत. त्यामुळे जुन्या पुस्तिकेत एकाच पानावर एकच जोडाक्षर दोन तऱ्हेने छापलेले आढळते. वाचणारा माणूस तिकडे लक्षही देत नाही. यंत्र मात्र तेथे अडते.

भारतात नागरी अक्षरांच्या यंत्रवाचनाचे पद्धतशीर संशोधन कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये आर. एम. के. सिन्हा यांनी हाती घेतले. महाबल यांच्यासह त्यांनी लिहिलेला या विषयावरील निबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे वीणा बन्सल आणि सिन्हा यांनी छापील देवनागरीसाठी वर्गवारीची एक सुटसुटीत पद्धत मांडली. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी. बी. चौधुरी आणि उमापद पाल यांनी बंगाली व देवनागरी या दोन्ही लिप्या वाचणारी प्रणाली विकसित केली; त्यांचा निबंध १९९७ चा आहे. या सर्वांच्या कामातील समान सूत्र आपल्याला सहज समजण्यासारखे आहे.

प्रथम यंत्र ओळीतील शिरोरेषा शोधते. आडव्या रांगांपैकी जिच्यात काळेपणा सर्वाधिक ती शिरोरेषा. तिच्या वरचा पट्टा मात्रा, वेलांट्या, रेफ आणि अनुस्वार यांचा, मधला पट्टा मूळ अक्षरांचा, खालचा उकारांचा. प्रिन्सेपने केलेली मूळ आकृती आणि जोडचिन्हे यांची फाळणीच येथे पुन्हा अवतरली. त्यानंतर शिरोरेषा पुसून टाकली की शब्दातील अक्षरे एकमेकांपासून सुटी होतात. मधल्या पट्ट्यातील अक्षरांचे मग उभ्या दंडावरून वर्ग पडतात. प, त, न, म, स यांना उजवीकडे दंड. क आणि फ यांना मध्ये दंड. ट, ठ, ड, ढ, द, ह यांना पूर्ण दंडच नाही. अक्षर शिरोरेषेला किती ठिकाणी टेकते हेही पाहतात. असे दोन-तीन प्रश्न विचारले की उमेदवार अक्षरे मूठभर उरतात आणि बारीक तुलना तेवढ्यांपुरती करावी लागते.

ही वर्गवारी वैयाकरणाच्या वर्गांना पूर्णपणे छेद देते. क आणि ख एकाच कंठ्य वर्गातील सख्खे शेजारी; यंत्राच्या लेखी त्यांचा संबंध नाही. उलट ओष्ठ्य प आणि मूर्धन्य ष यंत्राला जुळे भाऊ वाटतात. र हा एक वर्ण. पण तो कधी पूर्ण अक्षर, कधी डोक्यावरचा रेफ, कधी 'क्र' मधील तिरपी रेघ, कधी 'ट्र' मधील पायाशी बसलेली खूण म्हणून येतो. मराठीत त्याला पाचवे रूप आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील फरक हिंदी भाषकास दाखवून द्यावा लागतो. उच्चारांच्या कोष्टकात एका घरात बसणारा र आकृत्यांच्या कोष्टकात पाच घरे व्यापतो.

शिरोरेषा पुसण्याच्या युक्तीत एक खोट आहे आणि ती पालीच्या वाचकास विशेष जाचक ठरते. घ आणि ध, म आणि भ, य आणि थ या जोड्यांतील भेद बव्हंशी वरच्या भागात आहे. ध, भ आणि थ यांच्या डोक्यावर शिरोरेषा अखंड नसते, डावीकडे ती तुटून लहानसे वळण येते. रेषाच पुसली की भेद दर्शविणारी खूणही जवळजवळ जाते. आता धम्म आणि घम्म हे शब्द पाहा. पालीत घम्म म्हणजे उष्मा, उन्हाळा. भार म्हणजे ओझे, आणि मार कोण हे सांगावयास नको. थूप म्हणजे स्तूप, तर यूप म्हणजे यज्ञातील पशू बांधावयाचा खांब. एका गाठीच्या चुकीने ग्रंथ कोठून कोठे जातो! वर उल्लेखिलेल्या संशोधकांनी रेषा पुसण्यापूर्वीच टेकण्याच्या जागा मोजण्याचे जे ठरविले, त्याचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

ग, ण आणि श यांची अडचण वेगळी. शिरोरेषा जाताच त्यांचे दोन तुकडे होतात आणि सुटा दंड काना म्हणून मोजला जातो. ख चे 'रव' होणे ही तर माणसांचीही जुनी तक्रार आहे. लिपिसुधारणेच्या चळवळीत ख चे दोन भाग खाली जोडण्यात आले ते यासाठीच. निग्गहीताचे संकट आणखी सूक्ष्म आहे. जुन्या कागदावरील डाग काढून टाकण्यासाठी यंत्र बारीक ठिपके पुसते. त्यात अनुस्वारही पुसला जातो. बुद्धं या द्वितीयेच्या रूपाचे बुद्ध असे संबोधन होते आणि वाक्याचा अन्वय मोडतो.

हिंदीसाठी बेतलेले वर्ग मराठीस तसेच्या तसे लागू पडत नाहीत, हा मुद्दा आपल्याकडे पुरेसा मांडला गेला नाही असे प्रस्तुत लेखकास वाटते. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण मराठी लेखनासाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श निश्चित केले. हिंदी छपाईतील ल ला उजवीकडे उभा दंड असतो. पाकळीयुक्त ल ला तो नसतो. म्हणजे एकाच अक्षराने पहिल्याच प्रश्नावर गट बदलला. जी प्रणाली ल ला केवळ दंडवाल्यांत शोधते तिला मराठी ल कधीच सापडणार नाही, मग पुढची तुलना कितीही काटेकोर असो. ळ चेही तेच. यादीत ते अक्षरच नसेल तर यंत्र त्याला जवळपासच्या दुसऱ्या एखाद्या आकृतीत कोंबते आणि चूक झाल्याची शंकाही त्याला येत नाही.

अक्षर ओळखल्यानंतर ते साठवावयाचे कसे, येथे मात्र वैयाकरणाचा विजय झाला. कानपूर येथे विकसित झालेले जिस्ट तंत्र मोहन तांबे यांच्यासह पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की ही संकेतप्रणाली प्रमाण ठरविली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांचा क्रम एकच असल्यामुळे त्या सर्वांना समान संकेत देता आले. इन्स्क्रिप्ट कळफलकावरही क आणि ख एकाच कळीवर आहेत. युनिकोडनेही भारतीय लिप्यांसाठी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्याचाच आधार घेतला. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे तिपिटक देवनागरीत टंकलिखित करून १९९७ मध्ये तबकडीवर उपलब्ध करून दिले आणि ते अनेक लिप्यांत पाहता येण्याची सोय केली, तिच्या मुळाशीही हीच गोष्ट आहे. लिपी कोणतीही असो, कच्चायनाची एक्केचाळीस घरे जागच्या जागी असतात. त्या कार्यात यंत्रवाचन वापरलेले नव्हते. माणसांनी टंकलेखन केले, माणसांनी ताडून पाहिले.

टंकलेखनाचाही एक दोष सांगितला पाहिजे. संगणकावर जुळविलेल्या असंख्य पत्रकांत, फलकांत आणि स्मरणिकांत 'बुध्द' असे रूप दिसते. द ला ध जोडावयाचा, तेथे ध ला द जोडलेला. द्ध हे जोडाक्षर द्व आणि द्य यांच्याशी दिसावयास इतके जवळ आहे की यंत्रालाही ते नीट सुटत नाही. ज्या शब्दात चूक होऊ नये असे सर्वांना वाटते त्याच शब्दात ती सर्वाधिक व्हावी, यास काय म्हणावे!

गेल्या काही वर्षांत पद्धत पालटली आहे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत तयार झालेली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली टेसरॅक्ट ही प्रणाली मराठीही वाचते. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ती अक्षरे आधी सुटी न करता सबंध ओळ एका दमात वाचते आणि उदाहरणांवरून स्वतःच शिकते. दंड आहे की नाही हे आता माणसाने सांगावे लागत नाही. तथापि उदाहरणे कोणती द्यावयाची आणि उत्तरात कोणती अक्षरे संभवतात, हे अद्याप माणसेच ठरवितात. शिकविताना पाली पाने दिलेली नसतील तर यंत्र निग्गहीतांत शब्द संपण्याची अपेक्षाच करीत नाही. मराठी पाने दिली, परंतु ती सारी अलीकडच्या स्वच्छ छपाईची असतील तर ट्रेडलवरील झिजलेला खिळा त्याला अनोळखीच राहतो.

हा केवळ तंत्राचा प्रश्न नव्हे. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' १९२० मध्ये, 'बहिष्कृत भारत' १९२७ मध्ये, 'जनता' १९३० मध्ये सुरू झाले. १९५६ मध्ये 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत' झाले. वसंत मून यांनी शासनाच्या ग्रंथमालेचे संपादन करताना हे साहित्य किती कष्टाने जमविले ते अभ्यासकांस ठाऊक आहे. बाबासाहेबांचे पाली व्याकरण व कोश त्याच मालेच्या सोळाव्या खंडात, १९९८ मध्ये, प्रकाशित झाले. ग्रंथमालेचे काम रेंगाळल्याची मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून दखल घेतली होती. पाव शतकाहून अधिक काळ चाललेल्या 'जनता'सारख्या पत्रात एखाद्या गावचे, सभेचे किंवा ठरावाचे नाव शोधावयाचे तर आज पाने उलटण्यावाचून गत्यंतर नाही. पान यंत्राने वाचले तर ते नाव क्षणात सापडेल. चुकीचे वाचले तर ते नाव तेथे नव्हतेच असे शोधणारा समजेल, आणि ही हानी पान फाटण्याहून मोठी आहे. फाटलेले पान निदान दिसते तरी.

मराठवाड्यात त्यापुढेही एक अडचण आहे. १९४८ पर्यंत येथील राजभाषा उर्दू होती, तर जुने व्यवहाराचे कागद मोडीत लिहिलेले सापडतात. मोडीत ओळभर शिरोरेषा आधी आखतात आणि मग लेखणी न उचलता अक्षरे खाली ओढीत जातात. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो. शिरोरेषा पुसून अक्षरे सुटी करण्याची युक्ती तेथे निरुपयोगी आहे. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले तेच मुळी २०१४ मध्ये.

विहारांच्या आणि वाचनालयांच्या संग्रहांतील पुस्तिकांची छायाचित्रे काढण्याचे काम आता साध्या भ्रमणध्वनीनेही होऊ लागले आहे, आणि ज्यांना जमेल त्यांनी ते करावे. वाचनाची चूक शोधताना मात्र शब्दकोशावर विसंबून चालणार नाही. घम्म, मार आणि यूप हे शब्द पाली कोशात आहेतच, तेव्हा कोशाशी ताडून पाहणारे यंत्र त्यांना बिनचूक ठरवून पुढे जाईल. ध-घ, भ-म, थ-य या तीन जोड्या, ळ, द्ध आणि निग्गहीत एवढ्या जागा तरी पाली जाणणाऱ्याने मूळ पान समोर ठेवून तपासाव्यात. काम किचकट आहे, परंतु एका पुस्तिकेस दोन-चार संध्याकाळी दिल्या तर उरकते.